रेतीशिवाय खापरी

साहेब, ती पिशवी तुम्ही उलटी केलीत. दुसऱ्या कोणी नाही, तुम्ही. बाबली कुंभार व्हाळावरून, म्हणजे गावच्या ओढ्यावरून, सायकल हातात धरून येत होता. कॅरिअरला सिमेंटची जुनी पिशवी बांधलेली, तिच्यात टोपलीभर रेती. तुमची सरकारी जीप आडवी आली. तुम्ही खाली उतरलात, काळा चष्मा कपाळावर चढवलात आणि त्या म्हाताऱ्याची पिशवी भर रस्त्यात रिकामी केलीत. तुमचा हा पराक्रम चालू असतानाच मागून डंपर आला. काठोकाठ भरलेला, ताडपत्रीखालून पाणी गळत होतं. रेती आत्ताच उपसलीय हे शेंबड्या पोराला कळलं असतं. ड्रायव्हरने हॉर्न मारला, आणि तुम्ही काय केलंत? जीप बाजूला घेतलीत. त्याला वाट दिलीत. बाबलीच्या रेतीवरून त्या डंपरची चाकं गेली आणि तुम्ही बाबलीला सांगितलंत, "कायदा सर्वांना सारखा असतो, आजोबा."

ती रेती कशाला हवी होती ते तुम्ही विचारलं नाहीत. कुणाच्या बंगल्याच्या स्लॅबात ती जाणार नव्हती. ती जाणार होती खापरीच्या मातीत. आणि खापरी नसली की कुणाचं काय अडतं, ते तुम्हाला जीपमध्ये बसून दिसायचं नाही. म्हणून सांगावं लागतं.

कट्टा गावच्या एसटी स्टॉपसमोर, मेडिकलच्या दुकानाला लागून, तेजस्वीची टपरी आहे. चार पत्रे, दोन बाकडी, एक चूल. तिथे एकच जिन्नस मिळतो: खापरोळी. तांदूळ, उडीद आणि मेथीचं पीठ रात्रभर आंबवायचं, मातीच्या पसरट खापरीत ओतायचं, वर झाकण ठेवून मंद विस्तवावर फुलू द्यायचं. मग ती जाड, जाळीदार खापरोळी ताटलीत घ्यायची आणि तिच्यावर नारळाच्या दुधाचा गुळाचा रस ओतायचा, ती बुडेपर्यंत. रसाशिवाय खापरोळी म्हणजे कोरडा ठसका. पण रसात मुरली की एसटीचा कंडक्टरसुद्धा घंटी मारायची विसरतो. तेजस्वीने नवऱ्याच्या काजूवर आणि भाताच्या दोन मळ्यांवर विसंबून न राहता ही टपरी आपल्या हिमतीवर उभी केली होती.

आणि एका सकाळी तिने तापलेली खापरी घाईघाईत ओल्या जांभ्या दगडावर ठेवली. खापरीचे दोन तुकडे झाले.

तिने घरचा नॉनस्टिकचा तवा आणून लावला. पहिल्याच गिऱ्हाइकाने, निवृत्त गुरुजींनी, घास तोंडात घेतला, चावला, पुन्हा चावला.

"गो तेजस्वी, ह्या काय?"

"खापरोळी."

"भांडी घासूक बरा पडात," गुरुजी म्हणाले आणि रस तेवढा पिऊन उठले.

तिने मालवणच्या बाजारातून खापरी आणली. पर्यटकांसाठी बनवलेली, बाहेरून गुळगुळीत, काठावर नक्षी, मासोळीसुद्धा काढलेली. ती चुलीवर चढवली आणि पीठ ओतण्याआधीच मासोळीच्या पोटातून चीर गेली. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "वैनी, ती शोची आसा. चुलीर कोणी ठेवक सांगितला?"

तेजस्वीने टपरीला कुलूप लावलं आणि तडक कुंभारवाडीत गेली.

बाबली ओसरीवर पान चघळत बसला होता. त्याचं चाक भिंतीकडे सरकवलेलं होतं आणि चाकावर गवत घालून कोंबडी अंड्यांवर बसवलेली होती.

"बाबलीकाकानू, माका एक खापरी होयी."

"नाय."

"जुनी असली तरी चलात."

"जुनी नाय, नवी नाय, चाक बंद. रेतीशिवाय खापरी करतत? जा त्या जीपवाल्याक सांग, तो दितलो करून."

"मगे माझी टपरी बंद पडतली."

"पडांदे. माझा चाक बंद पडला तेवा कोण रडला?"

तेजस्वीला राग आला. म्हातारा रुसून बसलाय, चांगली गोष्ट. पण त्याचा राग तिच्या चुलीवर कशाला? ती तिथेच पायरीवर बसली.

"रेती माझी मी बघतंय. तुमी नाय करणत तर माका शिकवा. मी करतंय."

बाबली हसला तेव्हा त्याच्या तोंडातलं पान अंगणात उडालं. "तू? गो, तुका भाकरी तरी गोल जमता काय?"

"माझ्या भाकरेक नाव ठेवणारो अजून जन्माक येवचो आसा."

बाबलीने तिच्या हातांकडे बघितलं. मनगटं भक्कम होती. पीठ वाटून, पाणी ओढून, झाडांचं कवळ तोडून झालेली मनगटं.

"उद्या ये. खोरा घेवन ये. आणि ती काचेची काकणा काढून ये, माझ्या मातयेक सवय नाय." मग तो कोंबडीकडे वळला. "तुका मात्र उठवचा लागतला, बाय. तुझी बदली झाली."

घरी सासू सत्यवतीने हे ऐकलं आणि हातातली सुपली खाली आपटली.

"कुंभाराचा काम कुंभारान् करूचा. आमच्या घरात आजपर्यंत कोणी माती तुडवली नाय."

"मगे लावणीच्या वेळी मळ्यात आपण काय तुडवतो, आये? लोणी?"

सर्वेश, तिचा नवरा, जेवता जेवता ठसकला. आईने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ठसका अर्ध्यावर गिळला.

माती त्यांच्याच खालच्या मळ्यातली निघाली. भात कापून झालं होतं. मळ्याच्या ज्या कोपऱ्यात पाणी उशिरापर्यंत साचून राहतं तिथली वरची ढेकळं बाजूला सारून बाबलीने खाली बोट खुपसलं, चिमूट काढली, ती चोळून तिची शेव वळली आणि शेव बोटाभोवती गुंडाळली. ती तुटली नाही.

"चिकण आसा. माती तुझी, हात तुझे, शिव्यो माझ्यो. सुरू कर."

शिव्यांच्या बाबतीत म्हातारा दिलदार होता. ढेकळं उन्हात कडकडीत वाळेपर्यंत थांबायचं होतं. तिने अर्धओलीच कुटायला घेतली, पहिली शिवी तिथे पडली. वाळलेली माती फोडून पाण्यात भिजत घालायची, ती आपोआप विरघळू द्यायची. तिने काठीने ढवळली, दुसरी. ते पातळ मिश्रण जुन्या लुगड्यातून गाळून घ्यायचं, म्हणजे मुळं आणि खडे वर राहतात. मग ते राखेवर कापड पसरून त्यावर ओतायचं आणि पाणी सुटून कणकेसारखं झालं की पायाने तुडवायचं. तेजस्वी गोल गोल फिरत तुडवत होती आणि बाबली ओसरीवरून ओरडत होता, "टाचेन् तुडव गो, टाचेन्! नाचाक नाय इलंस तू!"

"टाचेनच तुडवतंय!"

"मगे तो खडो कोणाच्या बापाक लागलो? थांब, काढ तो. एक खडो ऱ्हवलो तर भट्टयेत सगळ्यांका घेवन मरतलो."

खरं तर तिला हे सगळं ओळखीचं वाटत होतं. पीठ सैल की घट्ट, आंबलं की नाही, हे ती बोट लावून सांगायची. मातीचंही तसंच होतं. मळताना आत हवा राहिली की गोळा कापल्यावर भोकं दिसायची, बरोबर तिच्या खापरोळीसारखी. फक्त खापरोळीत ती भोकं हवी असतात आणि मातीत एकही नको असतं.

चाकाने मात्र तिची घमेंड उतरवली. बाबलीने कडेच्या खाचेत काठी घालून जड चाक गरगर फिरवलं आणि बाजूला झाला. तिने मधोमध गोळा थापला, हात लावले, आणि गोळा निसटून थेट बाबलीच्या सदऱ्यावर बसला. दुसरा गोळा कोंबडीच्या दिशेने गेला. तिसरा चाकावरच राहिला, पण असा हेलकावे खात होता की जणू जत्रेतल्या पाळण्यात बसलेला पाहुणा.

"हात थारो कर! चाक फिरता, तू कित्याक फिरतंस?"

"मी खंय फिरतंय?"

"आंगान् फिरतंस. कोपरां मांडयेर टेक. श्वास सोड. आता तुझे हात म्हणजे खांब. माती येवन आपटांदे खांबार, खांबान् जागचा हलूचा नाय. आपोआप मधात येतली, जातली खंय?"

तिने कोपरं मांड्यांवर रोवली. ओला गोळा तळव्यांवर धडधड आपटत राहिला, मग ती धडधड बारीक झाली, आणि मग एकदम थांबली. चाक फिरत होतं आणि गोळा जणू स्थिर उभा होता. तेजस्वीला भीती वाटली की बोललं तर तो पुन्हा डगमगेल.

"आता अंगठो," बाबली हळू आवाजात म्हणाला. पहिल्यांदाच त्यात शिवी नव्हती. "मधात. खाली. तळाक जाडी ठेव. आता भायर ओढ. सावकाश. पसरट होयी, घागर नको."

काठ वर आला, जरा वाकडा, पण आला. दोऱ्याने कापून तिने तो ओंजळीत उचलला, आणि उचलताना दाबला, आणि त्याची करंजी झाली. ती एवढ्या जोरात हसली की शेजारच्या घरातून तिची मैत्रीण नम्रता काय झालं बघायला बाहेर आली.

तिच्या हाताला वळण पडलं तेव्हा खापऱ्यांची एक रांग ओसरीच्या सावलीत उभी राहिली. उन्हात नाही, सावलीतच. उन्हात काठ आधी वाळतो, तळ मागे राहतो आणि दोघांचं भांडण लागून चीर पडते. बोटाचा ठसा उमटतो पण बोट चिकटत नाही, इतपत सुकल्यावर आतून गुळगुळीत दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी थापी मारत तळ गोल करून घ्यायचा. थप थप थप. हे काम तेजस्वीला सगळ्यात आवडलं. थापी मारताना तिला तुमची आठवण यायची, साहेब. त्यामुळे तळ चांगले गोल झाले.

रेती अजून मिळाली नव्हती. बाबली पहिल्यापासून बजावत होता: रेतीच्या कणांनी मातीला सैलपणा येतो, तापली की तिला आत अंग हलवायला जागा राहते, नुसती चिकण माती विस्तव सोसत नाही. तेजस्वी म्हणाली, एकदा बिनरेतीची करून बघूया. बाबली म्हणाला, कर, फुटल्याशिवाय तुझ्या डोक्यात जायचं नाही. खड्ड्यात नारळाची सोडणं आणि शेण्यांचा थर, मध्ये खापऱ्या, वर गवत, त्यावर चिखलाचा लेप. भट्टी पेटली, निवली, खापऱ्या लाल होऊन बाहेर आल्या. पहिली चुलीवर चढवली. फाट्. दुसरी चढवली. फाट्. तिसरी सत्यवतीने हातातून काढून घेतली. "ही ऱ्हवांदे. कोंबड्यांका पाणी घालूक होयत."

मग तेजस्वीच्या डोक्यात ती कल्पना आली. मालवणला बांगडे आणायला ती जातच होती. किनारा भरून रेती पडली होती. पर्यटक चपलांतून, खिशांतून, पोरांच्या बादल्यांतून तिथली रेती पार पुण्यापर्यंत नेतात. तिनेही बांगड्यांच्या खाली एक पिशवी भरली. कोणी अडवलं नाही. तुमची जीप व्हाळावर होती ना, साहेब.

एसटीत कंडक्टरने पिशवी उचलून बघितली. "वैनी, बांगडे काय शिशाचे?"

"समुद्राचे," ती म्हणाली.

आता ती काही खुळी नव्हती. समुद्राच्या रेतीत मीठ असतं आणि मिठाने मातीची वाट लागते, एवढं तिला कळत होतं. तिने ती रेती विहिरीवर नेऊन धुतली. पाणी बदलून बदलून धुतली, हात सोलपटेपर्यंत धुतली. मग वाळवून बारीक चाळणीने चाळली आणि बाबलीपुढे नेऊन ठेवली. बाबलीने चिमूटभर जिभेवर टाकली, डोळे मिटले, पानाची चव घेतल्यासारखी तोंडात फिरवली आणि थुंकली.

"मीठ नाय. चलतली." आणि वर ऐट, "ही जीभ चुकूची नाय. माझ्या बापाशीची जीभ."

व्हाळ परसात असताना समुद्राची रेती आणायला त्याचा बाप कधी गेलाच नव्हता, ही गोष्ट तेव्हा कोणाच्याच ध्यानात आली नाही.

दुसरी भट्टी उघडली तेव्हा वाडी जमली. खापऱ्या अशा निघाल्या की बोटाने टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखा नाद. एकीलाही चीर नाही. बाबलीने एकेक उचलून लोकांना दाखवली. "ह्यो बघा काठ. ह्यो बघा तळ. शिकवणारो कोण आसा!" नम्रताला एक दिली, गुरुजींच्या घरी एक पाठवली, बाकीच्या घरच्या पडवीत मांडल्या. सत्यवतीसुद्धा एक हातात घेऊन म्हणाली, "जड नाय," आणि हे तिच्या तोंडून म्हणजे सत्कारच. तेजस्वीने नव्या खापऱ्यांत तांदळाची पेज घालून ठेवली, म्हणजे मातीतली बारीक छिद्रं बुजतात. दुसऱ्या दिवशी टपरी उघडायची असं तिने वाडीभर सांगून टाकलं.

सकाळी सत्यवती पडवीत पेज जेवायला बसली होती. बाजूला खापऱ्यांची रांग. टक्, असा आवाज झाला. तिने इकडेतिकडे बघितलं. पुन्हा टक्. आणि मातीचा एक टवका उडून थेट तिच्या पेजेत पडला.

"गो तेजस्वी! ह्यो तुझ्यो खापऱ्यो माका दगड मारतत!"

तेजस्वी धावत आली. रांगेतल्या सगळ्या खापऱ्यांना जणू देवी आल्या होत्या. अंगभर खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका. तिच्या डोळ्यांदेखत आणखी एक टवका उडाला. फाटकातून नम्रता येत होती, हातात तिची खापरी आणि चेहऱ्यावर न मावणारं हसू. "तेजू, तुझी खापरी रात्रभर माझ्याशी बोलत होती गो. घोव म्हणता घरात भूत शिरला."

तेजस्वीला आज टपरी उघडायची होती. सगळ्यांना सांगून झालं होतं. पीठ आंबून वर आलं होतं, रस काढून झाला होता, आणि चुलीवर चढवायला तिच्याकडे पुन्हा काही नव्हतं. गुरुजी आता तिला जन्मभर नॉनस्टिकवरून चिडवणार, आणि ते चिडवणंसुद्धा फुकट, कारण टपरीच राहायची नाही.

बाबली आला. त्याने एक खापरी उचलली, नखाने तो पांढरा ठिपका खरवडला, बोटावर घेतला, जिभेला लावला. मग त्याचा चेहरा असा झाला की जणू कुणीतरी त्याच्याच घरात त्याला पाहुणा म्हणून विचारलंय.

"चुनो," तो म्हणाला.

"काय?"

"चुनो गो! शिंपल्यो! समुद्राच्या रेतयेत शिंपल्यांचो चुरो. मीठ धुतलंस, शिंपल्यो खंय धुतलंस? भट्टयेत त्यांचो झालो चुनो, आणि त्येका लागली तुझी पेज. चुन्याक पाणी लागला की काय जाता?"

"फुगता," तेजस्वी म्हणाली.

"फुगता! आणि मी मेलो रोज पानाक चुनो लावतंय, दिसाक धा पाना खातंय, आणि माझ्या डोक्यात ह्या येवक नाय!" त्याने आपल्याच कपाळावर तळवा मारला. "बापाशीची जीभ म्हणे. जीभ चाटता चुनो आणि सांगता मीठ नाय!"

आधी नम्रता हसली, मग सर्वेश, मग बाबली स्वतः. सत्यवतीने पेजेतला टवका काढून तो उन्हात धरून बघितला आणि म्हणाली, "बरा झाला, चुनो पोटात गेलो तर हाडा घट्ट होतत." त्यावर तेजस्वीलाही हसावं लागलं. डोळ्यांत पाणी होतं, पण हसली. आंबलेलं पीठ फुकट जाऊ द्यायचं नाही म्हणून त्याचे घावणे घालून तिने सगळ्यांना तिथेच वाढले.

रेती मात्र पाहिजेच होती, आणि व्हाळावर जायची चोरी. सांज झाली. सत्यवतीने रोजच्यासारखे चुलीतले निखारे धूप घालायला काढले. फुटक्या मंगलोरी कौलाचा एक तुकडा असतो प्रत्येक घरात, त्यावरच निखारे घ्यायचे, वर धूप टाकायचा आणि घरभर फिरवायचा. तेजस्वी तिच्या मागून बघत होती. आणि एकदम उठली.

"आये, ह्या कौल कधीपासून आसा?"

"माझा लगीन होवच्या आधीपासून. कित्याक?"

"रोज लाल निखारे घेतंस ह्याच्यार. कधी तडकला?"

सत्यवतीने कौलाकडे असं बघितलं की जणू ते आजच घरात आलंय. "नाय गो. कधीच नाय."

"ही मातीच ना? एकदा भाजलेली माती. तिका विस्तवाची सवय झाली. तीच दळून मातयेत घातली तर?"

बाबलीला विचारायला ती अंधार पडायच्या आत धावत गेली. बाबलीने तोंडातलं पान थुंकलं. "असा कोणी केलेला माका म्हायत नाय," तो म्हणाला. "पण माका म्हायत नसलेला काय काय आसा ता आज सकाळी सगळ्या वाडयेन् बघला. कर."

कौलं काय, कुठल्याही घराच्या मागे ढीगच. सर्वेशने गेल्या पावसाआधी छपरावर पत्रा घातला तेव्हा उतरवलेली कौलं अजून माडाच्या मुळाशी पडलेली. तुकडे करून ती पडवीतल्या दगडी वायनात, म्हणजे जमिनीतल्या उखळात, घातली आणि तेजस्वीने मुसळ उचललं. चार घाव घातले तोवर सत्यवतीने तिच्या हातातून ते काढून घेतलं.

"असा कांडतत? ह्यो काय उडीद? हट बाजूक." आणि नऊवारीचा काष्टा आवळून जिने कधी माती तुडवली नव्हती ती बाई कौलं कांडू लागली. नम्रता दुसरं मुसळ घेऊन आली. दोघींचे घाव एकाआड एक पडू लागले आणि मध्येच नम्रताने लग्नातली घाण्याची ओवी लावली, तर सत्यवती म्हणाली, "गप, कौलाचा लगीन नाय लावूचा!" आणि पुढची ओळ स्वतःच म्हणाली. लाल भुकटी चाळून रेतीएवढी जाडी राहिली ती मातीत मिसळली. तुडवताना तेजस्वीच्या टाचा सोलल्या. भुकटी खरखरीत होती, चाकावर हाताला बोचत होती, काठ पातळ ओढू देत नव्हती. तरी खापऱ्या झाल्या, सुकल्या, भाजल्या.

तिसऱ्या वेळी वाडीला कोणी बोलावलं नाही. तरी सगळी आली. तेजस्वीने पेज घालून, निथळून, खापरी टपरीच्या चुलीवर ठेवली. सर्वेशने दोन्ही कानांवर हात ठेवले होते. विस्तव वाढला. खापरी काळवंडली. तिने तेलाचं बोट फिरवलं, पीठ ओतलं. चर्र झालं आणि सर्वेश उडाला, पण ते पीठच होतं. झाकण ठेवलं. वाफ आली. झाकण काढलं तेव्हा खापरोळी टम्म फुगून जाळीदार झाली होती आणि खापरी जशीच्या तशी.

गुरुजींनी पहिला घास घेतला. चावला. पुन्हा चावला नाही. ताटली पुढे केली.

"आजून एक," ते म्हणाले.

बाबलीने रिकामी खापरी हातात घेऊन उलटीपालटी केली. "चूल सोसता, पण जड आसा आणि पोटात खरखरीत. व्हाळाच्या रेतयेची सर नाय." मग तोंड दुसरीकडे करून, "पण शिकवणारो बरो आसा."

तेव्हापासून टपरी चालू आहे. आणि आज भर दुपारी तुम्ही आलात, साहेब. जीप मेडिकलसमोर लावलीत, चष्मा कपाळावर चढवलात, बाकड्यावर बसलात. "ऐकलंय फार छान असते," म्हणालात. तेजस्वीने तुम्हाला ओळखलं. बाबली पलीकडच्या बाकड्यावर होता, त्यानेही ओळखलं, पण तो पान लावण्यात गुंतल्यासारखा बसून राहिला. चुन्याच्या डबीवर त्याचं बोट नुसतंच फिरत होतं.

तिने खापरोळी तुमच्या ताटलीत ठेवली. तुमचं लक्ष खापरीकडे गेलं.

"ही खरी मातीची? अहो, आमच्या मिसेस कधीच्या मागे लागल्यात. बाजारातली दोनदा आणली, दोन्ही फुटल्या. ही कुठून आणलीत?"

"मीच केली," तेजस्वी म्हणाली. शुद्ध मराठीत म्हणाली, कचेरीत बोलतात तशी. "हे बसलेत ते माझे गुरू. त्यांच्याकडे शिकले."

तुम्ही बाबलीकडे बघून मान हलवलीत. ओळखलं नाहीत. पिशवी उलटी करताना माणसाच्या तोंडाकडे कोण बघतो?

"मग एक आमच्यासाठी करा ना," तुम्ही म्हणालात. "चांगली करा हं. घरचंच समजून."

"करतंय," ती म्हणाली, आणि तिची कचेरीची मराठी तिथेच संपली. तिने पातेल्यातून रसाची पळी भरून घेतली आणि तुमच्या कोरड्या खापरोळीवर हवेत धरली. "साहेबांनू, आमच्याकडे खापरी दोन तऱ्हेची जाता. एक फुटक्या कौलाची. जड, खरखरीत, आणि गावातली कौलां संपली की तीय नाय. दुसरी व्हाळाच्या रेतयेची. हलकी, गुळगुळीत, तुमच्या मिसेसांच्या नातवंडांपर्यंत टिकात. तुमका चांगली होयी म्हणतास."

"हो, चांगलीच द्या."

"मगे उद्या सकाळी बाबलीकाका आणि मी पिशवी घेवन व्हाळार जातंव. टोपलीभर रेती भरतंव आणि त्याच रस्त्यान् येतंव."

बाबलीने पानावरून मान वर केली. तुमचा हात ताटलीकडे जाता जाता थांबला. रस्त्यावरून एक डंपर गेला, बाकडं हादरलं. पळीतून एक थेंबही सांडला नाही; हात थारो ठेवायला ती शिकली होती.

"तुमची जीप थंय असतली. आमका वाट दितलास, काय पिशवी परत उलटी करतलास? रस मी मगे वाढतंय, साहेब. आधी उत्तर द्या."